सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी संखेड्याचं टेबल

माझं माहेर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यातलं. तिथे आम्ही पाटावर बसून जेवायचो. आता कारेलीबागेत फ्लॅट आहे आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना पाट झेपत नाही, म्हणून डायनिंग टेबल घ्यायचं ठरलं. बडोद्यातली पाच-सहा दुकानं पालथी घातली. सगळीकडे तेच करडं आणि पांढरं, वर काच. कुणाच्याही घरात खपेल असं फर्निचर मला माझ्या घरात नको होतं, म्हणून मी थेट संखेड्याला गेले.

डभोईमार्गे साधारण पन्नास किलोमीटर. ओरसंग नदीकाठी वसलेल्या या गावात खरादी, म्हणजे लाकूड कातणारे लोक पिढ्यानपिढ्या सागावर लाखेचं काम करतात. त्यांच्या कारखान्यात मी तासभर एका खुर्चीच्या पायाकडेच बघत बसले होते. कथलाची पूड सरसात कालवून कारागीर बारीक कुंचल्याने वेलबुट्टी काढत होता. छापा नाही, पेन्सिलची रेघ नाही, हाताच्या अंदाजाने चाललेलं. नक्षी सुकल्यावर अकीकाच्या दगडाने घासली की चांदीसारखी चमकते. मग पाय संघाड्यावर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, फिरवत त्यावर लाखेची कांडी धरतात आणि केवड्याच्या पानाने ती लाख सारखी पसरवतात. त्या पानाखालीच चांदीचं सोनं होताना मी पाहिलं. संखेड्यात सोनेरी रंग म्हणून वेगळा नसतो, कथलावरची पारदर्शक लाखच सोनेरी दिसते. हे पाहिल्यावर दुसरं काही घेणं शक्यच नव्हतं. मरून रंगात सहा खुर्च्या आणि साडेपाच फुटी टेबल सांगितलं. वाहतुकीसकट ७२,००० रुपये झाले.

आता अडचणी. माल तीन आठवडे उशिरा आला, ते मी सोडून देते, हातकामाला वेळ लागतो. पण खुर्च्यांची उंची चुकली होती. टेबल ३० इंचांचं असेल तर बसायची जागा १८ इंचांवर हवी, म्हणजे मांडी आणि टेबल यांच्यात नीट जागा राहते आणि ताट छातीशी येत नाही. मी १८ सांगितले होते, आले १६. दोन इंचांनी काय होतं असं वाटेल, पण आईंना, म्हणजे सासूबाईंना, उठताना दोन्ही हात टेबलावर रेटावे लागत होते. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांनाच त्रास. फोन केला, फोटो पाठवले, एकदा चिडलेही. सुदैवाने पाय पेचाचे आहेत, फिरवून काढता येतात. कारखान्याने नवे चोवीस पाय करून दिले, पैसे घेतले नाहीत. त्यांनी शब्द पाळला.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पहिल्याच आठवड्यात मी आमटीचं पातेलं थेट टेबलावर ठेवलं आणि उचललं तर खाली पांढुरकं, चिकट वर्तुळ. कारागीर फोनवर म्हणाला, ‘बेन, लाख तो गरमीथी पीगळे.’ हे ऑर्डर घेतानाच सांगायला हवं होतं. आता वर जाड काच बसवली आहे, खाली रबराच्या टिकल्या. पुसायला फक्त मऊ कोरडं फडकं. स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही लावू नका, लाख त्यात विरघळते.

खोलीचंही सांगते, कारण असं टेबल पांढऱ्या भिंतीपुढे एकटं पडतं. तांबेकरवाडा आमच्या जुन्या घरापासून चालत जाण्याएवढा जवळ. लहानपणी तिथल्या चित्रांनी भरलेल्या भिंती पाहिल्या आहेत, त्यामुळे कोरी भिंत मला अजून अपुरी वाटते. मी एक भिंत विड्याच्या पानासारखी गडद हिरवी केली. ह्यांना भीती होती की खोली अंधारी होईल. पूर्वेची खिडकी आहे, आणि टेबलापासून अडीच फुटांवर पिवळ्या उजेडाचा एक दिवा टांगला, तेवढा पुरला. गौरीच्या जेवणाला माझी आजी प्रत्येक ताटाभोवती रांगोळीची महिरप काढायची. भिंतीकडच्या तीन खुर्च्यांमागे मी पांढऱ्या रंगात तशा तीन महिरपी काढल्या. मधली थोडी वाकडी आली आहे, तशीच ठेवली. मागे महिरप घेऊन आई वरणभात कालवताना दिसतात तेव्हा मला वाड्यातली पंगत दिसते.

घ्यायचं असेल तर खोली मोजून जा. खुर्ची मागे ओढायला भिंतीपर्यंत तीन फूट आणि प्रत्येक माणसाला टेबलाची दोन फूट कड लागते. माझ्या साडेपाच फुटांत एका बाजूला तिघं जरा दाटीनेच बसतात, सहा फुटी घ्यायला हवं होतं. भाजक्या मातीचा किंवा लाकडाचा साधा रंग आवडणाऱ्यांनी मरूनच्या वाटेला जाऊ नये. खोलीत शिरताच तो समोर येतो आणि सगळं त्याच्याभोवती मांडावं लागतं. मला तेच हवं होतं.

आणखी दोन खुर्च्या त्याच कारखान्यात सांगितल्या आहेत, दिवाळीत नणंद पुण्याहून येते तेव्हा आठ जण होतात. या वेळी १८ इंच कागदावर लिहून, त्यावर त्यांची सही घेऊन आले.