दहापट भिंग: घरात असायलाच हवं

नागपूरच्या बर्डी बाजारातून घडीचं भिंग घेतलं, दहापट मोठं दाखवणारं, सराफ वापरतात तसलं. पेपरातल्या खेळाडूच्या फोटोवर धरलं, तर चेहराच नाही! नुसते निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके. पेपर हातभर लांब नेला की पुन्हा चेहरा. संत्र्याच्या सालीवर बारीक खड्डे वाटतात ना, तिथे आत तेलाच्या पिशव्या आहेत; साल दुमडली की तुषार उडतात, डोळे तेवढे जपा. आईला साधं मीठ दाखवलं. "अरे बाप्पा, हे तर चौकोनी ठोकळे!" म्हणाली आणि भिंग सोडेना.

कडेला रंगांची झालर दिसते, बिजागरी जराशी सैल आहे. भिंग डोळ्याला अगदी लागून धरा, वस्तू अडीच सेंटीमीटरवर आणा आणि उजेड खिडकीचाच घ्या.