नव्याने बनवलेली माउझर ९८ अॅक्शन : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑगस्टमध्ये मी ८×५७ आयएस काडतुसाची एक नवी रायफल घेतली. तिची अॅक्शन, म्हणजे काडतूस आत घेऊन बंद करणारी आणि उडवणारी यंत्रणा, जर्मन माउझर कंपनीच्या १८९८ च्या रचनेची आहे, पण ती जुन्या लष्करी साठ्यातून उचललेली नाही. आजच्या पोलादातून आणि आजच्या यंत्रांवर, एका छोट्या कार्यशाळेत ती घडवलेली आहे. साध्या कारखानी शिकारी रायफलीच्या जवळजवळ पाचपट किंमत मी तिच्यासाठी मोजली. मी चाकणच्या मशीन शॉपमध्ये अकरा वर्षे काढली आहेत आणि आता जर्मनीत, नेकार नदीच्या खोऱ्यात, परवानाधारक शिकारी म्हणून राहतो. त्यामुळे ही रायफल कशी चालते, याइतकाच ती इतकी महाग का पडते, हा प्रश्नही माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होता.

आधी वापराविषयी. आतापर्यंत सुमारे २६० काडतुसे झाली, त्यांतली बहुतेक चांदमारीच्या मैदानावर आणि उरलेली रानडुकरे व रो हरणांवर. या अॅक्शनचे खरे वैशिष्ट्य म्हणजे बोल्टच्या, म्हणजे काडतूस पुढे ढकलून बंद करणाऱ्या दांड्याच्या, बाजूने जाणारा लांब, पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर; काडतूस बाहेर खेचतो तो हाच. काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याची कड या पंजाखाली सरकते आणि ते चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, जाईपर्यंत बोल्टच्या ताब्यात राहते. जानेवारीतल्या एका रात्री मचाणावर उणे नऊ तापमानात, जाड हातमोजे घालून, मी बोल्ट अर्धा पुढे नेऊन पुन्हा मागे ओढला. काडतूस अर्धवट अडकून राहिले नाही, सरळ बाहेर पडले, आणि पुढच्या वेळी दुसरे काडतूस तितक्याच सहजपणे आत गेले. काडतूस नुसते पुढे ढकलणाऱ्या रायफलीत अशा वेळी पहिले काडतूस चेंबरमध्येच राहते आणि दुसरे त्याच्या पाठीवर जाऊन आदळते. हा अनुभव मी माझ्या आधीच्या रायफलीवर घेतलेला आहे.

तरीही पहिले सहा आठवडे मी समाधानी नव्हतो. मॅगझिनमधले शेवटचे, डाव्या बाजूचे काडतूस दर चार-पाच वेळांत एकदा चेंबरकडे चढणाऱ्या उताराला टेकून थांबत असे. रायफल परत पाठवली. कारागिराने मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणाऱ्या डाव्या ओठाची आतली कड कानसेने आणि पॉलिश पेपरने किंचित उतरवली, मधूनमधून भुसा भरलेली बनावट काडतुसे भरून पाहिली, पुन्हा उतरवली, आणि दोन दिवसांनी रायफल हातात दिली. त्यानंतर आजपर्यंत ती एकदाही अडलेली नाही. माझ्या मते या अॅक्शनचे सगळे अर्थकारण त्या दोन दिवसांत आहे.

माउझरच्या मॅगझिनमध्ये काडतुसे दोन रांगांत, एकमेकांच्या खाचेत बसतात. पेटीची मागची रुंदी काडतुसाच्या बुडाच्या व्यासावरून ठरते : व्यासाला १.८६६ ने गुणायचे. सुमारे १२ मि.मी. बुडाला पेटी २२ मि.मी. हून थोडी रुंद लागते. पुढची रुंदी, ओठांचा कोन आणि उताराचा आकार मात्र त्या त्या काडतुसाच्या खांद्यावर आणि निमुळतेपणावर अवलंबून असतो. म्हणजे एका काडतुसासाठी जुळवलेला रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य भाग, दुसऱ्यासाठी तसाच चालेल याची खात्री नसते. मोठ्या कारखान्याला हा खर्च लाखो नगांवर पसरवता येतो. वर्षाला थोडेच नग करणाऱ्या कार्यशाळेला तो प्रत्येक नगावर चढवावा लागतो.

रिसीव्हरचे कामही तसेच. त्याचा तळ सपाट आहे आणि झटका दस्त्यात उतरवणारा रिकॉइल लग त्याच तुकड्याचा भाग आहे, त्यामुळे गोल सळई खराद यंत्रावर धरून तो होत नाही. बोल्टच्या लगांसाठी, म्हणजे बोल्टला जागेवर अडकवणाऱ्या उंचवट्यांसाठी, आतून आरपार वाटा काढाव्या लागतात; त्यांना ब्रोच ही दातेरी कापसळी तरी लागते, नाहीतर तारेने कापणारे वायरकट यंत्र. प्रत्येक बाजूला नवा सेटअप, जॉब पकडायला नवे फिक्स्चर. मूळ रिसीव्हर कमी कार्बनच्या पोलादाचे असत आणि वरचा थर कठीण करून गाभा मऊ ठेवत. आज बहुधा मिश्रधातूचे पोलाद आरपार कठीण करतात. हीट ट्रीटमेंटमध्ये जॉब केसभर जरी वाकला, तरी आधीचे सगळे तास रिजेक्शनमध्ये जातात. हे दुःख चाकणमधल्या कोणत्याही माणसाला समजावून सांगावे लागणार नाही.

अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीने १९४८ मध्ये मॉडेल ७२१ आणि पुढे १९६२ मध्ये मॉडेल ७०० आणले, तेव्हा नेमका हाच खर्च कापला. रिसीव्हर गोल केला आणि रिकॉइल लग म्हणजे नळी व रिसीव्हर यांच्यामध्ये दाबून बसवलेली एक वेगळी चकती झाली. रुगरने १९६८ मध्ये मॉडेल ७७ साठी मेणाच्या नमुन्यावरून साचा करून केलेले ओतकाम वापरले, म्हणजे भाग जवळजवळ अंतिम आकारातच हातात येतो. विंचेस्टरने १९६४ मध्ये मॉडेल ७० मधला पंजा काढून टाकला, तेव्हा शिकाऱ्यांनी १९६४ पूर्वीच्या रायफली शोधून जास्त पैसे देऊन घेतल्या, आणि १९९० च्या दशकात तो पंजा कंपनीला परत आणावा लागला. त्या वेळी संगणकाने चालणारी सीएनसी यंत्रे आली होती, म्हणूनच ते परवडले, असे मला वाटते.

माउझर ९८ ची नवी निर्मिती इतकी वर्षे फार थोड्यांनाच परवडण्याचे आणखी एक कारण म्हणजे जुन्या युद्धांतला साठा. लष्करी अॅक्शन ढिगाने आणि कवडीमोलाने मिळत असताना नव्या फिक्स्चरमध्ये पैसे कोण घालणार? आता चांगल्या अवस्थेतली जुनी अॅक्शन स्वस्त राहिलेली नाही. शिवाय दुर्बिणीसाठी भोके पाडणे, बोल्टची मूठ खाली वाकवणे, सेफ्टी आणि ट्रिगर बदलणे, मऊ रिसीव्हरमध्ये लगांची बैठक दबली आहे का हे तपासणे, या सगळ्याची मजुरी जोडली तर बचत फारशी उरत नाही. मी नवीच घेण्याचे ठरवले ते हा हिशेब कागदावर मांडल्यावर. खुद्द माउझर आज एम १८ ही साधी, गोल रिसीव्हरची रायफलही विकते आणि एम ९८ देखील. दोन्हींच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर आहे.

वर्षाला एक-दोनदाच जंगलात जाणाऱ्याने हा खर्च करू नये, एम १८ सारखी रायफल त्याचे काम चोख करील. आणखी एक अडचण सांगायला हवी : सुटे भाग टपालाने मागवून घरी बसवता येत नाहीत. नवा एक्स्ट्रॅक्टर हवा असेल तर रायफलच कार्यशाळेत न्यावी लागते, कारण तो तिच्याच बोल्टवर घासून बसवायचा असतो. मागच्या आठवड्यात मी बोल्ट काढून पुसला, तेव्हा पुढच्या दोन्ही लगांच्या मागच्या पृष्ठभागावर झिजेची चकाकी सारखीच पसरलेली दिसली. दोन्ही लग सारखा भार घेत आहेत. तिसरा, मागचा सुरक्षा-लग, जो पुढचे दोन तुटले तरच भार घेतो, अजून कोरा आहे, आणि तो तसाच असायला हवा.