मुलांची स्वतःची बँक खाती: काही महिने वापरून झाल्यावर

मुलगी 12 वर्षांची, मुलगा 10 चा. दोघांची वेगवेगळी बचत खाती उघडून आता बरेच महिने झालेत. दोघांकडे डेबिट कार्ड आहे, रोजच्या खर्चाची मर्यादा आम्ही ठरवून दिली आहे आणि शिल्लक संपली की खर्च थांबतो. ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त खर्च करण्याची, सोय नाही, हे उत्तमच.

कामाला आलं ते कार्ड नव्हे, ॲप तर नव्हेच. स्टेटमेंट! महिनाअखेरीला दोघं आपापल्या नोंदी वाचतात आणि प्रत्येकीपुढे 'कशासाठी' ते लिहितात. मुलीला त्यात एका गेमची वर्गणी दर महिन्याला कापली जाताना दिसली. फुकट वापराची मुदत संपल्यावर ती आपोआप सुरू झाली होती. रक्कम किरकोळ होती, पण तिने 12 ने गुणलं आणि त्याच संध्याकाळी वर्गणी बंद केली. माझ्या बोलण्याने हे कधीच झालं नसतं.

व्याजाने मात्र मुलाची निराशा केली. व्याज रोजच्या शिलकीवर मोजलं जातं, पण खात्यात पडतं काही महिन्यांनी, आणि हा रोज बघायचा. जमा झालं तेव्हा म्हणाला, "एवढंच?" मग त्याला 72 चा हिशेब दाखवला: 72 ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला अंदाजे किती वर्षं लागतील ते कळतं. 3 टक्क्यांनी 24, 6 टक्क्यांनी 12. "म्हणजे तेव्हा मी 34 वर्षांचा असेन!" मुदत ठेवीची चौकशी त्याने स्वतःहून केली. मध्येच मोडली तर व्याज कमी मिळतं, हे ऐकून सगळे पैसे त्यात घालायचे नाहीत, हेही त्यानेच ठरवलं. तेवढ्या वेळात वस्तूंचे भावही वाढतील, असं ताईने ऐकवल्यावर जरा हिरमुसला.

न आवडलेली गोष्ट म्हणजे पालकांना येणारे मेसेज. मुलांनी काहीही घेतलं की आपला फोन वाजतो आणि जीभ शिवशिवते. मी फक्त मोठ्या रकमांचे मेसेज चालू ठेवलेत. आई बघतेय म्हटल्यावर मुलं विचारूनच खर्च करतात, मग निर्णय पुन्हा आपलाच. बचतीबद्दल ॲपमध्ये मिळणारे तारे-बिल्ले दोघांनाही लवकरच कंटाळवाणे झाले.

पिन आम्हालाही सांगायचा नाही, असा घरचा नियम आहे. आजीला तो उद्धटपणा वाटतो.

वजाबाकी अजून सहज जमत नसेल, तर एवढ्यात कार्ड देऊ नका. त्या वयात नोटा-नाण्यांचा डबा जास्त शिकवतो, कारण तो रिकामा होताना दिसतो. खातं उघडायचंच असेल तर किमान शिल्लक किती, ती न राखल्यास दंड किती आणि कार्डाचं वार्षिक शुल्क किती, हे आधी विचारून घ्या. छोट्या खात्यात दर वर्षी मिळणाऱ्या व्याजापेक्षा ते शुल्क सहज जास्त भरू शकतं.