बीबीएसवर टेक्स्ट फाइली वाचायला ठेवायच्यात? बुलेटिन, टेक्स्ट सेक्शन, फाइल एरिया की गोफर

रास्पबेरी पायवर किंवा स्वस्तातल्या व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) स्वतःचा बीबीएस, म्हणजे लॉगिन करून टर्मिनलवरून वापरायचा बुलेटिन बोर्ड, उभा केला, मेसेज एरिया झाले, दोनचार डोअर गेम्स (बोर्डवरूनच खेळायचे खेळ) लागले, की पुढचा प्रश्न हमखास येतो: जमवलेल्या टेक्स्ट फाइली लोकांना वाचायला द्यायच्या कशा? रस्ते चार आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो, फाइली निवडक असतील आणि लोकांनी बोर्डवर बसूनच त्या वाचाव्यात असं वाटत असेल तर सिंक्रोनेट या बीबीएस सॉफ्टवेअरचं टेक्स्ट सेक्शन, आणि हजारोंचा साठा असेल तर एनिग्मा या दुसऱ्या सॉफ्टवेअरची फाइल बेस, म्हणजे फाइल एरिया. बाकी दोघांचा, म्हणजे बुलेटिन आणि गोफरचा, उपयोग आहे पण तो जोडीला.

ठरवताना एक गोष्ट आधी डोक्यात घ्या. 2400 च्या मोडेमवर सेकंदाला साधारण 240 अक्षरं यायची, म्हणजे 80 बाय 24 ची पूर्ण भरलेली स्क्रीन उमटायला आठ सेकंद, वरवर नजर फिरवता येईल अशा वेगाने. त्यामुळे छोटी फाइल सरळ वाहत आली तरी चालायचं, आणि मोठी असेल तर मुंबईतल्या लाइव्ह वायरसारख्या बोर्डांच्या काळात फोनचं बिल बघून माणूस ती उतरवून घ्यायचा आणि नंतर डॉसमध्ये व्हर्नन ब्यूर्गच्या लिस्ट या फाइल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये निवांत वाचायचा. आता टेलनेटवर, म्हणजे इंटरनेटवरून बोर्डला जोडलं की, अख्खी फाइल डोळ्याची पापणी लवायच्या आत येते. म्हणून आज खरा फरक पडतो तो पहिली स्क्रीन भरल्यावर काय होतं यात. थांबतं का, मागे जाता येतं का, मध्येच सोडता येतं का, हे बघा.

बुलेटिन सगळ्यात सोपं. पीसीबोर्ड या जुन्या बीबीएस सॉफ्टवेअरात बी दाबलं की यादी यायची, तीच कल्पना. मिस्टिक या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये मेनूला एक ओळ जोडायची, ती फाइल दाखवते, बस. रंग, अँसी चित्र (अक्षरांनी काढलेलं रंगीत चित्र), सगळं तुमच्या हातात. पण प्रत्येक नव्या फाइलीला मेनू उघडून बदल करावा लागतो, त्यामुळे नियम, स्वागत, नेटवर्कची माहिती अशा दहाबारा फाइलींपुरतंच ठीक, त्यापुढे दोन महिन्यांत कंटाळा येतो. शिवाय मिस्टिक उभ्या रेघेनंतरचे (|) दोन आकडे किंवा दोन कॅपिटल अक्षरं स्वतःच्या खुणा समजतो, त्यामुळे प्रोग्रॅमिंगवरची फाइल अशी दाखवलीत तर त्यातला मजकूर मधूनच गायब होऊ शकतो.

टेक्स्ट सेक्शन ही जुनी चांगली गोष्ट आहे. वेन बेलच्या डब्ल्यूडब्ल्यूआयव्ही या जुन्या बीबीएस सॉफ्टवेअरात याला जी-फाइल्स म्हणायचे, जुनी मंडळी अजून तेच म्हणतात. सिंक्रोनेटमध्ये एससीएफजी या सेटिंगच्या प्रोग्रॅममधून विभाग बनवायचे, प्रत्येक विभागाला कोण आत येऊ शकतो त्याची अट लावायची, मग एकेक फाइल जोडताना तिचं वर्णन स्वतः लिहायचं. ही वर्णनाची ओळच सगळा खेळ आहे. यादीत नुसतं 'मोडेम3 डॉट टेक्स्ट' दिसलं तर कोणी उघडत नाही, पण 'एक्समोडेम (फाइल पाठवायची जुनी पद्धत) 128 बाइटचे तुकडे का पाठवतं' असं लिहिलं की नंबर दाबलाच जातो. मेहनत आहे, नाही म्हणत नाही, आणि शोधायची नीट सोय नाही, पण वाचणाऱ्याला बोर्ड न सोडता, काही न उतरवता वाचता येतं. स्क्रीन भरली की थांबतं. मागे जायचं असेल तर सिंकटर्म हा टर्मिनल प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना ऑल्ट-बी ने स्क्रोलबॅक (आधीचा मजकूर) मिळतो, हे विभागाच्या मथळ्यातच लिहून ठेवा, निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

फाइल एरियाचं गणित वेगळं. एनिग्मा झिप वगैरे फाइलीतलं फाइल आयडी डिझ (आत ठेवलेली छोटी वर्णनाची फाइल) स्वतः वाचून वर्णन भरतो, टॅग लावता येतात, शोधता येतं, आणि झमोडेमने (टर्मिनलमधूनच फाइल उतरवायची पद्धत) उतरवणं ज्याला जमत नाही त्याला ब्राउझरची तात्पुरती लिंकसुद्धा देतो. 1998 पासून चालू असलेल्या टेक्स्टफाइल्स डॉट कॉम या जुन्या टेक्स्ट फाइलींच्या साइटवरचा मोठा हिस्सा जसाच्या तसा आपल्याकडे ठेवायचा असेल तर दुसरा विचारच करू नका, हाताने वर्णनं लिहून आयुष्य जाईल. पण हे उतरवून घ्यायचं दालन आहे, वाचायचं नाही. झिपमध्ये बंद असलेली दोन पानांची फाइल वाचायला कोणी तीन पायऱ्या चढत नाही, म्हणून छोट्या फाइली झिप न करता सुट्या ठेवा.

गोफर म्हणजे मेनूतून फाइली दाखवणारी, वेबसारखी जुनी इंटरनेट सेवा, 1991 ची, मिनेसोटा विद्यापीठातली, पोर्ट 70. सिंक्रोनेटसोबत त्याची सेवा येतेच. पुढेमागे करणं, शोधणं हे वाचणाऱ्याचा क्लायंट बघतो, लिंक्स या टेक्स्ट ब्राउझरमध्ये तर फार सुखाचं वाचन होतं. मात्र लॉगिन नाही, म्हणजे कोण आलं ते कळत नाही आणि अटीही लागत नाहीत. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या फाइली तिथेही ठेवाव्यात, एवढंच.

कुठलाही रस्ता घेतलात तरी फाइली आधी साफ कराव्याच लागतात. लिनक्सवर बनवलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी फक्त एलएफ (खालच्या ओळीवर जा) असतो, टर्मिनलला सीआर (ओळीच्या सुरुवातीला जा) पण हवा असतो, तो नसला की प्रत्येक ओळ आधीची संपली तिथून खाली सुरू होते आणि मजकूर जिन्यासारखा उजवीकडे घसरत जातो. युनिक्सटूडॉस ही कमांड चालवली की काम झालं. अख्खा परिच्छेद एका ओळीत असेल तर 80व्या रकान्यावर शब्द मधोमध तुटतो, फोल्ड ही कमांड वापरून 78 वर शब्द बघून तोडा. अँसीच्या फाइलीला शेवटी बहुतेकदा 128 बाइटची सॉस नोंद (चित्राची माहिती) असते, सॉफ्टवेअर ती लपवत नसेल तर तळाला चित्रकाराचं नाव आणि कचरा दिसतो.

मराठी मजकूर ठेवायचा असेल तर मात्र वरचा क्रम बदला. कोडपेज 437 या जुन्या पीसीच्या अक्षरसंचात जागा 256 आणि देवनागरीला त्यात एकही नाही, त्यामुळे सिंकटर्मने येणाऱ्याला ओव्या नाही, रेघोट्या दिसतील. सिंक्रोनेटला यूटीएफ-8 (सगळ्या लिप्या बसणारी पद्धत) वापरणारं टर्मिनल कळतं, पण जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट दिसणं वाचणाऱ्याच्या टर्मिनलवर असतं, मांडणीही हलते. त्यात यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, आणि बाइट मोजणारं फोल्ड, शब्द बघून तोडायला सांगितलं नाही तर, ते मधूनच कापू शकतं, तेव्हा तोडल्यावर फाइल एकदा उघडून बघाच. मराठीसाठी मी गोफर पहिला, फाइल एरिया दुसरा ठेवेन, आणि टेक्स्ट सेक्शनमध्ये ठेवलंच तर वर्णनाच्या सुरुवातीला रोमन लिपीत यूटीएफ-8 लिहीन, म्हणजे उघडायच्या आधीच कळतं.