कॉलेज रोडवरील संख्याशास्त्राची शिकवणी: माझा अभिप्राय

नाशिकच्या कॉलेज रोडवरील या शिकवणीत सरासरीविषयीची परिकल्पना, म्हणजे गृहीत धरलेले विधान, कशी तपासायची, हे मला प्रथमच नीट उमगले. सरांनी अर्ध्या किलोची म्हणून विकली जाणारी बेदाण्याची ९ पाकिटे वर्गातच काट्यावर ठेवायला लावली. सरासरी ४९४ ग्रॅम आणि प्रमाण विचलन (वजने सरासरीभोवती किती पसरली आहेत याचे माप) ९ ग्रॅम आले. नऊचे वर्गमूळ ३, म्हणून सरासरीची प्रमाण त्रुटी (नमुन्याची सरासरी साधारण किती चुकू शकते ते) ९ भागिले ३, म्हणजे ३ ग्रॅम. ४९४ मधून ५०० वजा केल्यावर येणाऱ्या उणे ६ ला या त्रुटीने भागले की चाचणीचे टी-मूल्य उणे २.

खरी गंमत पुढे आहे. स्वातंत्र्याच्या ८ मात्रांसाठी (पाकिटांच्या संख्येपेक्षा एक कमी) ५ टक्के पातळीवर (चुकीने नाकारण्याची जोखीम ५ टक्के) द्विपुच्छ चाचणीचे, म्हणजे वजन कमी किंवा जास्त या दोन्ही शक्यता पाहणाऱ्या चाचणीचे, कोष्टकमूल्य २.३०६, म्हणजे आपल्या २ पेक्षा मोठे असल्यामुळे शून्य परिकल्पना (खरी सरासरी ५०० ग्रॅमच आहे हे विधान) नाकारता येत नाही, पण ‘वजन कमीच आहे’ अशी एकपुच्छ चाचणी घेतली तर ते १.८६० होते आणि निष्कर्ष उलटतो. म्हणूनच चाचणी कोणती, हे वजने पाहण्याआधीच ठरवावे, हा सरांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

तक्रार एकच: छापील टिपणांत प्रमाण विचलन काढताना ८ ऐवजी ९ ने भागले आहे. पुढच्या तुकडीपूर्वी ही चूक दुरुस्त व्हावी, अशी कळकळीची विनंती.