जेलमधून पळण्याचे दोन फ्रेंच सिनेमे: आधी कोणता बघाल?

जेलमधून पळण्याचा सिनेमा हवा, पण पाठलाग आणि ढणढणाट नको, असं कुणी म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात. रोबेर ब्रेसाँचा 'अ मॅन एस्केप्ड' (१९५६) आणि जाक बेकेरचा 'ल त्रू' (१९६०). दोन्ही कृष्णधवल, दोन्ही खऱ्या घटनांवर बेतलेले, दोन्हींवर 'मिनिमलिस्ट'चा, म्हणजे कमीत कमी गोष्टींत भागवण्याचा शिक्का. पण दोघं वगळतात त्या गोष्टी वेगळ्या, आणि निवड त्यावरच करावी.

ब्रेसाँ घटनाच गाळतो. सुरुवातीला नायक फाँतेनला मोटारीतून तुरुंगाकडे नेत असतात. कॅमेरा त्याच्या हातावर असतो. हात हळूच दाराच्या हँडलकडे सरकतो, मागे येतो, पुन्हा सरकतो. मोका साधून तो उडी टाकतो, पण कॅमेरा गाडीतच थांबतो. बाहेर गलका होतो, गोळ्या सुटतात आणि थोड्याच वेळात त्याला परत आणून जागेवर बसवतात. हातातला आयता पाठलाग दुसऱ्या कुणी सोडला असता असं मला वाटत नाही.

मूळ घटना लियाँच्या माँल्यूक तुरुंगातली. जर्मनांविरुद्धच्या प्रतिकार चळवळीतले आंद्रे दव्हिन्यी १९४३ मध्ये तिथून निसटले होते. ब्रेसाँनेही युद्धकैदी म्हणून दिवस काढले होते. नायक म्हणून त्याने तत्त्वज्ञानाचा एक विद्यार्थी घेतला आणि त्याला 'अभिनय' म्हणून काही करूच दिलं नाही. त्यामुळे आपलं लक्ष चेहऱ्यावरून हातांवर आणि कानांवर जातं. फाँतेन चमचा फरशीवर घासून त्याची पटाशी करतो. दाराच्या ओकच्या फळ्यांमधले सांधे मऊ लाकडाचे आहेत, ते तो तासत बसतो. पहारेकरी दिसण्याआधी जिन्याच्या कठड्यावरून फिरणाऱ्या त्याच्या किल्लीचा आवाज येतो. शेवटी शेवटी भिंतीपलीकडून एक कुईकुई ऐकू येते, आणि ती सायकलवरून फेऱ्या मारणाऱ्या शिपायाची आहे हे कळेपर्यंत आपलाही जीव टांगणीला लागतो. मधूनमधून मोझार्टचं संगीत येतं, तेही कैदी घाणीच्या बादल्या रिकाम्या करत असताना. काहींना हे जड वाटतं. मला तरी नाही वाटलं.

बेकेर शॉटची कापाकापी टाळतो आणि संगीत शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत येऊ देत नाही. बाकी श्रम मात्र सगळे दाखवतो. पॅरिसच्या ला सांते तुरुंगात पाच जण कोठडीची जमीन फोडतात. पलंगाचा लोखंडी तुकडा हातोहात फिरत राहतो, काँक्रीटचे कपचे उडतात आणि जवळपास चार मिनिटं कॅमेरा तिथून हलत नाही. घाव इतके दणकून बसतात की कुणी ऐकेल म्हणून आपणच दाराकडे बघायला लागतो. टूथब्रशला आरशाचा तुकडा बांधून केलेला पेरिस्कोप, औषधाच्या बाटल्यांचं वाळूचं घड्याळ, असला सगळा जुगाड आहेच. पाचांपैकी रोलाँची भूमिका करणारा जाँ केरोदी १९४७ च्या मूळ प्रयत्नात स्वतः सामील होता. दोऱ्या-खिळ्यांवरचा त्याचा हात बघितला की हे लगेच पटतं.

घरी चौघांनी मिळून बघणार असाल, तर 'ल त्रू' लावा. दोन तासांहून थोडा मोठा आहे, पण माणसं बोलतात, भांडतात, डबा वाटून खातात. कुणी मध्येच उठून जाणार नाही. एकट्याने बघणार असाल, तर ब्रेसाँ, आणि हेडफोन लावूनच. लॅपटॉपच्या स्पीकरवर त्याचा अर्धा सिनेमा वाया जातो. लांबी शंभर मिनिटांच्या आसपास. मला एकच निवडायला सांगितलं तर मी ब्रेसाँ घेईन, कारण इतकं कमी दाखवून इतकी धाकधूक मी दुसरीकडे अनुभवलेली नाही. नायक सुटतो हे तर तो शीर्षकातच सांगून टाकतो.

'ल त्रू'बद्दल मात्र आधी काही वाचू नका, पोस्टरखालचा सारांशसुद्धा.