ऐतिहासिक ग्रां प्री मॉड : १९५७, १९६७, १९७६ की १९८६?

संगणकावरच्या शर्यतींच्या खेळासाठी जुन्या ग्रां प्री (फॉर्म्युला वन) गाड्यांचा मॉड, म्हणजे हौशींनी खेळात घातलेली भर, करायचं ठरलं की यादी बघता बघता हाताबाहेर जाते. फॅन्जिओची मासेराटी हवी, क्लार्कची लोटस हवी, सहा चाकांची टिरेल हवी आणि सेनाची मॅक्लारेनही हवी. माझं मत आधीच सांगून टाकतो : एकच हंगाम धरा, आणि तोही असा, ज्यात सर्वांत वेगवान गाडी आणि विजेतेपद मिळवणारी गाडी वेगवेगळ्या होत्या. अशा हंगामात गाडी निवडतानाच खेळाडूला खरा निर्णय घ्यावा लागतो. या कसोटीवर मी १९६७ ला पहिली पसंती देतो, १९७६ ला दुसरी.

१९८८ तर मी विचारातच घेत नाही. त्या वर्षी १६ पैकी १५ शर्यती मॅक्लारेन एमपी४/४ ने जिंकल्या. बाकीच्या गाड्या कितीही मेहनतीने घडवल्या, तरी त्या हातात घेणार कोण?

१९५७ चा मोह मोठा आहे. मासेराटी २५०एफ चं सहा सिलिंडरचं इंजिन, व्हॅनवॉलचं चार सिलिंडरचं, लॅन्शिया-फेरारीचं व्ही८ : तीन गाड्या, तीन स्वभाव. मासेराटीला ड्रम ब्रेक आणि व्हॅनवॉलला डिस्क, त्यामुळे वळणाआधी ब्रेक कुठे दाबायचा हेही प्रत्येक गाडीत वेगळं शिकावं लागतं. न्यूरबर्गरिंगवर फॅन्जिओने पिट स्टॉपमध्ये गमावलेला वेळ भरून काढत हॉथॉर्न आणि कॉलिन्स यांना गाठलं, ती शर्यत याच वर्षीची. पण इंडियानापोलिस धरूनही हंगाम आठच शर्यतींचा, आणि त्यातलं पेस्कारा २५ किलोमीटरहून लांब. शिवाय तेव्हा शर्यत चालू असताना गाडी दुसऱ्या ड्रायव्हरकडे सोपवता येत असे. ब्रिटनमधल्या एन्ट्री (Aintree) सर्किटवर व्हॅनवॉलने मिळवलेला विजय ब्रुक्स आणि मॉस या दोघांच्या नावावर आहे. संगणकाच्या ड्रायव्हरांकडून अशी अदलाबदल करून घेणं फार जिकिरीचं होतं. गाडी चालवण्याचा निखळ आनंद हवा असेल तर हा हंगाम घ्या. पूर्ण चॅम्पियनशिप खेळायची असेल तर नको.

१९६७ मध्ये ११ शर्यती झाल्या आणि पाच वेगवेगळ्या बनावटींच्या गाड्या जिंकल्या : कूपर, ब्रॅबहम, लोटस, ईगल आणि होंडा. पंख अजून आलेले नव्हते, त्यामुळे पकड फक्त टायर आणि सस्पेंशनची. गाडी कधी सरकते हे खेळाडूला नीट कळतं. पण मॉड करणाऱ्यासाठी खरी गंमत पुढे आहे. लोटस ४९ आपलं नवं कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन घेऊन नेदरलँड्समधल्या झॅन्डव्होर्टला उतरली आणि तिथपासून हंगामाच्या शेवटपर्यंतच्या नऊही पोल पोझिशन (शर्यत सुरू होतानाची सर्वांत पुढची जागा) लोटसच्या क्लार्क आणि हिल यांनीच घेतल्या. तरीही विजेता ठरला ब्रॅबहमचा डेनी हल्म, फक्त दोन शर्यती जिंकून. चार जिंकणारा क्लार्क तिसरा आला. झॅन्डव्होर्टलाच हिलचं इंजिन गेलं, स्पाला क्लार्कला स्पार्क प्लगने दगा दिला. मॉन्झाला टायर पंक्चर होऊन तो एक लॅप मागे पडला, ती लॅप भरून काढून पुन्हा आघाडीवर आला आणि शेवटच्या लॅपमध्ये इंधन कमी पडलं.

म्हणून या हंगामात वेगाच्या आकड्यांइतकाच बिघाडाच्या शक्यतेचा आकडा महत्त्वाचा. तो सगळ्या गाड्यांना सारखा ठेवलात, तर क्लार्क जवळपास प्रत्येक शर्यत जिंकतो आणि १९६७ चं १९८८ होऊन बसतं. लोटस वेगवान पण नाजूक, रेप्को इंजिनाची ब्रॅबहम ताकदीने बरीच कमी पण शेवटपर्यंत टिकणारी, एवढी दोन टोकं आधी बसवा; बाकीच्या गाड्या त्यांच्यामध्ये आपोआप जागा घेतात.

१९७६ मध्ये कथा सर्वांत दमदार. हंट ६९ गुण, लाउडा ६८, निकाल शेवटच्या शर्यतीत फुजीच्या पावसात. शर्यती १६, त्यामुळे करिअर मोडला हा हंगाम छान. पण काम दुप्पट आहे हे समजून उतरा. इंजिनावरचे हवा आत घेणारे उंच एअरबॉक्स स्पेनच्या शर्यतीपासून बंद झाले, म्हणजे आधीच्या तीन शर्यतींसाठी बऱ्याच गाड्यांचा वेगळा सांगाडा करावा लागतो. ड्रायव्हरही बदलतात : लाउडा न्यूरबर्गरिंगच्या अपघातानंतर दोन शर्यती मुकला आणि मॉन्झाला परतून चौथा आला. आणि टिरेल पी३४. बहुतेक सिम्युलेटरचं गणित चार चाकांवर बेतलेलं असतं, त्यामुळे पुढची जास्तीची दोन चाकं निव्वळ दिसण्यापुरती राहतात. शेक्टर आणि देपाये यांनी अॅन्डरस्टॉर्पला हीच गाडी पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर आणली, तेव्हा ती वगळताही येत नाही. निम्म्याहून जास्त गाड्यांना तेच डीएफव्ही इंजिन असल्यामुळे आवाजाचं काम मात्र बरंच वाचतं.

१९८६ ऑनलाइन माणसांविरुद्ध खेळणाऱ्यांसाठी उत्तम. टर्बोचा बूस्ट (इंजिनात हवा कोंबण्याचा दाब) वाढवला की वेग मिळतो, पण पूर्ण शर्यतीला इंधन १९५ लिटरच. हॉकेनहाइमला शेवटच्या लॅपमध्ये इंधन संपलं तेव्हा प्रॉस्ट उतरून गाडी ढकलू लागला होता. विजेतेपद तरीही त्यालाच मिळालं. ही बूस्ट-इंधनाची ओढाताण संगणकाच्या ड्रायव्हरला शिकवणं कठीण, आणि ती गेली की हंगामाचा जीवच गेला. एकटे खेळणार असाल तर मी हा सुचवणार नाही.

ड्रायव्हर निवडताना गुणतक्ता समोर ठेवून रेटिंग देऊ नका. तुलना एकाच संघातल्या जोडीदाराशी करा : क्लार्कची हिलशी, हल्मची जॅक ब्रॅबहमशी. एका-दोन शर्यतींपुरते आलेलेही ठेवा. फेरारीचा बॅन्डिनी १९६७ मध्ये फक्त मोनॅकोला उतरला आणि तिथल्या अपघातातच गेला. त्या शर्यतीच्या यादीत त्याचं नाव असायलाच हवं.

आणि जॅकी स्टुअर्ट. त्या वर्षी त्याचे गुण अवघे १०, स्पाला दुसरा आणि फ्रान्सला तिसरा, बाकी काही नाही. तक्ता पाहून आकडे भरणारा त्याला मधल्या फळीत टाकेल. पण एच१६ (एच आकारात बसवलेल्या सोळा सिलिंडरच्या) इंजिनाची ती अवजड बीआरएम दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेणाऱ्या माणसाचा वेग मी क्लार्कच्या खालोखाल ठेवीन. वजन, गिअरबॉक्स आणि बिघाड हे सगळं गाडीच्या फाइलमध्ये जाऊ द्या.